नाना नावाचं प्रोफाइल

“पिवळं झालंय की रं,” पडद्याकडे बघत नाना म्हणाले.

“दहा मिनिटं थांबा नाना. डोळा सरावेल.”

“डोळा सरावंल. पर पिवळं ते पिवळंच.”

“कावीळ झालीय का तुम्हाला? ज्याला त्याला पिवळं म्हणताय ते!”

नाना हसले. मीही हसलो. त्या दिवशी मी भलताच खुशीत होतो. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या छापखान्यात मालकांनी रंग मोजायचं यंत्र आणलं होतं, आणि ते वापरायला माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं. साबणाच्या वडीएवढी वस्तू. ती मॉनिटरच्या काचेवर लटकवायची. मग पडद्यावर लाल, हिरवे, निळे, करडे चौकोन एकामागून एक येतात, यंत्र ते मोजतं, आणि शेवटी एक छोटीशी फाइल तयार होते. तिला प्रोफाइल म्हणतात. हा पडदा कुठे आणि किती खोटं बोलतो ते त्या फाइलीत लिहिलेलं असतं; संगणक ती वाचतो आणि तेवढं सुधारून दाखवतो. म्हणजे पडद्यावर दिसेल तेच कागदावर येणार.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली. मी सत्तावीस वर्षांचा होतो. नाना काशीद अठ्ठावन्नचे. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचो आणि एकच काम करायचो: आलेला फोटो छपाईला जाण्याआधी त्याचे रंग जागेवर आणायचे. फरक एवढाच की मी ते शिकत होतो, आणि नानांचा डोळा गावात नावाजलेला होता. पैलवानाच्या कातडीत लाल किती हवा, शालूच्या जरीत किती, हे ते न मोजता सांगायचे.

त्यांची एक सवय होती. तासाभरानं म्हणायचे, “चल, डोळे धुऊन येऊ.” मग आम्ही मागच्या गॅलरीत जायचो. समोर शाळेची चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत होती. तिच्याकडे पाच मिनिटं बघत उभं राहायचं, की रंगानं शिणलेला डोळा जाग्यावर येतो, असं त्यांचं म्हणणं. ते तंबाखू मळायचे, मी उगाच काहीबाही बोलायचो. मी मूळचा कणकवलीचा. आईवडील गेलेले, भावाच्या संसारात मला जागा नव्हती, आणि लक्ष्मीपुरीतल्या माझ्या खोलीत माझ्याशी बोलणारं माणूस नव्हतं. दिवसातलं माझं खरं बोलणं त्या गॅलरीतच व्हायचं.

यंत्रानं दाखवून दिलं की नानांचा पडदा भलताच निळा होता. त्यांनी स्वतःच बटणं फिरवत फिरवत तो वर्षानुवर्षं तसा करत आणला होता. मी प्रोफाइल लावलं, पडदा सुधारला. नाना कुरकुरले आणि मग म्हणाले, “यंत्र म्हणतंय म्हणजे असंल.”

तीन आठवड्यांनी गुळाचं लेबल छापून आलं. गूळवाले व्यापारी ते हातात घेऊनच वर आले आणि मालकांच्या टेबलावर टाकून म्हणाले, “ह्यो गूळ हाय का शाडूची माती?”

खरंच तसं दिसत होतं. गुळाच्या सोनेरी रंगातला पिवळा कुणीतरी ओढून काढल्यासारखा. काम नानांचं होतं. नाना लेबल उलटसुलट करून बघत राहिले, आणि मला वाटतं, त्यात काय चुकलंय ते त्यांना दिसतच नव्हतं.

मालकांनी मला एकट्याला बोलावलं. “नानांचा डोळा गेला, उल्हास. आणखी एकदा असं झालं की मी त्यांना घरी बसवणार. तू त्यांच्या जागी कुणी बघून ठेव.”

मी कुणी बघणार नव्हतो. मी जागेवर येऊन नानांची जुनी कामं काढली. यंत्र येण्याआधीचं एकूण एक काम चोख होतं. यंत्र आल्यापासूनचं प्रत्येक काम निळ्याकडे झुकलेलं. बराच वेळ डोकं खाजवलं तेव्हा उजेड पडला. नानांना सगळं जगच पिवळट दिसत होतं. म्हणून त्यांनी आपल्या पडद्यात निळा भरला होता, आणि त्या चुकीच्या पडद्यावर त्यांचं काम बरोबर येत होतं. मी शहाण्यानं पडदा बरोबर केला, आणि काम चुकायला लागलं.

तरी खात्री करावी म्हणून मी कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. एक कोरी, दुसरीवर अगदी फिकट पिवळा छापलेला. गॅलरीत भर उजेडात नानांपुढे धरल्या.

“नाना, यातली कोरी कुठली?”

“दोन्ही कोऱ्याच की. येडा समजतोस व्हय मला?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बुबुळाच्या मध्ये काळं असतं तिथं धुरकट तपकिरी झाक होती. माझ्या वडिलांच्या डोळ्यांत तशीच होती, मोतीबिंदू काढायच्या आधी.

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण नानांनीच मला एकदा त्यांच्या जुन्या वस्तादाची गोष्ट सांगितली होती, आणि वर म्हणाले होते, “डोळा गेला की रंगवाल्यानं आपणहून उठावं. लोकांनी उठवायची वाट बघू नये.” मी सांगितलं असतं तर नाना त्याच दिवशी मालकांना सांगून पिशवी उचलून निघाले असते. डोळ्याचं ऑपरेशन होऊन परत येईतो त्या खुर्चीत दुसरा बसला असता. मी सांगितलं नाही ते त्यांच्यासाठीच, असं मला तेव्हा वाटत होतं. खरं म्हणजे शेजारची खुर्ची रिकामी बघायची माझी तयारी नव्हती.

पट्ट्या मी त्यांच्याच खणात टाकून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी ते यायच्या आत एक नवं प्रोफाइल बनवलं. पडदा हळूहळू निळा करत नेला. मग नाना आले, बसले.

“आत्ता कसं पांढरं झालं! यंत्र दुरुस्त केलंस काय?”

“हो नाना. सेटिंग चुकलं होतं माझं.”

“मी म्हणत होतो तुला. पर तुमचा इश्वास यंत्रावर.”

त्या फाइलीला मी नाव दिलं: नाना.

पुढचं लेबल असं उतरलं की गूळवाल्यांनी मालकांना चहा पाजला. घरी बसवायची भाषा बंद झाली. दोन-दोन महिन्यांनी नाना पुन्हा डोळे बारीक करायला लागायचे, की मी त्या प्रोफाइलमध्ये थोडा निळा वाढवायचो. येणारा-जाणारा कुणी विचारायचा, “ह्यांचा पडदा एवढा निळा कसा?” मी म्हणायचो, “नवीन पद्धत आहे ती.” मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं. कुणाच्या ध्यानीमनी नसताना मी एका माणसाचा डोळा चालवत होतो.

नानांच्या बायकोला मी हौसाकाकी म्हणायचो. नानांच्या डब्याला चार कप्पे असत आणि खालचा कायम माझा. रविवारी तर जेवायला त्यांच्याकडेच. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी नाना बाहेर पान आणायला गेले होते. काकी चुलीपुढून उठून माझ्याजवळ आल्या.

“उल्हास, यांना नीट दिसतंय न्हवं?”

“का हो काकी?”

“परवा पांढऱ्या सदऱ्याला पिवळ्याजर्द दोऱ्यानं बटण लावलं आनि दिसभर मिरवलं. मी म्हटलं, डोळं दाखवून या. तर म्हणतात, रंगाच्या कामाला चालतोय त्यो डोळा चांगलाच असणार. तू शेजारी असतोस म्हणून इचारते.”

“काकी, नाना माझ्यापेक्षा बरं बघतात. वर्षात एक चूक नाही त्यांच्या कामात.”

“मग बरं बाबा. तू रोज बघतोस. तू म्हणतोस म्हंजे झालं.” आणि त्यांनी माझ्या भातावर आणखी एक पळी तूप घातलं.

ते तूप मला गिळवेना. त्यानंतर रविवारी त्या घरी जायचं मी टाळायला लागलो. एकदा ताप, एकदा गावाकडचा पाहुणा, एकदा कपडे धुवायचेत. पाहुणा कसला येतो! खोलीत पडून आढ्याकडे बघायचो. पण डब्याचा खालचा कप्पा माझाच राहिला. काकी नानांजवळ निरोप पाठवायच्या, “रागावलायस काय?” मी नानांना म्हणायचो, “येतो की, पुढच्या रविवारी येतो.” असे पाच महिने गेले.

नागपंचमीला त्यांची मुलगी विजयमाला निपाणीहून माहेरी आली. दुसऱ्या दिवशी नाना आले ते डब्याशिवायच.

“विजू दारातनंच वरडली,” ते म्हणाले. “आई, तुझं डोळं किती पिवळं झाल्यात! अंग, तळहात, समदं पिवळं म्हणाली. आज मिरजेला न्यायचं हाय. मी मालकांस्नी सांगाय आलोय.”

पित्ताच्या नळीत गाठ निघाली. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी यायला हवं होतं, डोळे तर तेव्हापासूनच पिवळे असणार. मी एकदा भेटायला गेलो. काकींचा चेहरा खरंच हळद लावल्यासारखा होता. आंधळ्यालाही दिसावं, असं मनात आलं आणि नानांकडे मला बघवेना. काकींना फार बोलवत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, “जेवतोस न्हवं वेळेवर?”

दसऱ्याच्या आधी त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर नाना कामावर आले. सकाळी काम केलं, मग उठले. “चल, डोळे धुऊन येऊ.” गॅलरीत आम्ही उभे होतो. त्यांनी तंबाखू काढली नाही.

“रोज तिच्यासमोर जेवाय बसायचो रं मी,” भिंतीकडे बघत ते म्हणाले. “लेबलात एवढासा पिवळा जास्त झाला तर मी पकडतो. सगळं गाव सांगतं. मग मला कसं दिसलं न्हाई?”

हीच ती वेळ होती. मला ती ओळखू आली, हेही सांगतो. नंतर सुचलं अशातला भाग नाही. आणि मी म्हणालो, “नाना, तुमच्या घरात उजेड कमी आहे.”

“व्हय,” म्हणाले. “उजेड कमी हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, स्वयंपाकघरात ट्यूबलाइट लावून घेतली. त्या घरात आता स्वयंपाक करणारं कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर विजयमाला त्यांना निपाणीला घेऊन गेली. आईचं असं झाल्यावर बापाचं डोक्यापासून पायापर्यंत सगळं तपासायचा तिनं हट्टच धरला. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघालाय. उजव्याचं झालं, डाव्याचं पुढच्या महिन्यात. सोमवारपासनं कामाला येतो म्हणताहेत, ऐकत न्हाईत.”

मी विचार केला, सोमवारी लवकर जाऊ, नाना यायच्या आत ते प्रोफाइल काढून खरं लावू. कुणाला काही कळणार नाही. डोळा बरा, पडदा बरा, खुर्ची भरलेली. मला इतकं हलकं वर्षभरात वाटलं नव्हतं.

नाना शनिवारीच आले. मी बाइंडरकडे गेलो होतो. परत येऊन बघतो तर नाना काळा चष्मा कपाळावर चढवून आपल्या खुर्चीत बसलेले आणि समोर पडदा चालू. त्यावर कसलंच चित्र नव्हतं. नुसतं कोरं पान उघडलं होतं, आणि ते पान निळ्या शाईत बुडवून काढल्यासारखं दिसत होतं.

नानांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. बघितलं. मग उजव्यावर ठेवला. बघितलं. पुन्हा डाव्यावर.

“हिकडनं निळं,” ते म्हणाले. मी दारात उभा आहे हे त्यांना कळलं होतं. “हिकडनं पांढरं. जुन्या डोळ्यानं पांढरं दिसतंय.”



त्यांच्यासमोर टेबलावर त्या दोन पट्ट्या होत्या. खण आवरताना सापडल्या असाव्यात. त्यांनी एक उचलली. “ही पिवळी हाय.”

“हो.”

“ह्या फाइलीला माझं नाव कुणी दिलं?”

“मी.”

“कधीपासनं?”

“मागल्या वर्षीच्या दिवाळीपासून नाना. तुम्हाला घरी बसवणार होते मालक. मी म्हटलं...”

त्यांनी हात वर केला आणि मी थांबलो. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. दिवाळी, संक्रांत, पाडवा, पंचमी. पंचमीशी त्यांचं बोट थांबलं.

“ती म्हणाली हुती मला,” नाना म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. “डोळं दाखवा म्हणून लई मागं लागली हुती. मी दवाखान्याला निघालोबी हुतो एक दिवस. तर तीच म्हणाली, राहू द्या. उल्हासला इचारलं मी. त्यो म्हणतोय डोळा चांगला हाय.”

मशीनखोलीतून छपाईचा आवाज येत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी म्हणालो, “नाना, मला मारा.”

“तुला मारून काय हुतंय.” त्यांनी पट्ट्या एकावर एक नीट ठेवल्या. “ते यंत्र लाव.”

मी यंत्र आणलं. ते काचेवरून दोनदा घसरलं. लाल, हिरवे, निळे, करडे चौकोन एकामागून एक येत गेले आणि आम्ही दोघं ते बघत बसलो. पाच-सहा मिनिटं लागतात त्याला. प्रोफाइल लागलं. पान पांढरं झालं. नानांनी डावा डोळा झाकून ते नीट पाहिलं.

“हां,” म्हणाले. “हे बरोबर हाय.”

मग ते उठले. “डोळे धुऊन येतो,” म्हणाले, आणि मला न बोलावता गॅलरीत गेले. तासभर आले नाहीत. मी काचेतून बघितलं. ते त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे होते. एक डोळा झाकत होते, मग दुसरा.

मला वाटलं, सोमवारी येणार नाहीत. पण ते आले. डाव्या डोळ्याचंही झालं, आणि त्यानंतर चार वर्षं नाना माझ्या शेजारी बसून काम करत होते. काम पूर्वीहून सरस. मालकांना त्यांनी कधी काही सांगितलं नाही. मला जन्मभर पुरेल इतकं त्यांनी त्या चार वर्षांत शिकवलं, कारण कामातलं काही विचारलं तर ते नेहमी सांगायचे. दुसरं काही मी विचारलं नाही आणि त्यांनी काढलं नाही. नाना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझीही पन्नाशी आता जवळ आली आहे, आणि दरवर्षी मी आपणहून जाऊन डोळे दाखवून येतो. तुम्हाला नीट दिसतंय ना, असं विचारणारं माझ्या घरी कुणी नाही.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. नाना शेजारच्या खुर्चीत होते. दुपारी ते डबा उघडायचे, खाणावळीतला, एकाच कप्प्याचा, आणि आपल्या टेबलाकडे तोंड करून जेवायचे. मी माझा उघडायचो. आणि तासाभरानं, पडद्यावरची नजर न काढता, ते पूर्वीसारखंच म्हणायचे, “जा, डोळे धुऊन ये.”

मी गॅलरीत जाऊन भिंतीकडे बघत उभा राहायचो. मी परत येऊन बसलो की मग ते उठायचे.